बडोद्यात बसून दुसऱ्या देशाच्या ग्रिडचा पहिला अभ्यास: केनियाच्या उदाहरणासह

कलाभवनात इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या किंवा मकरपुऱ्यात नोकरी सांभाळून एम.टेक.ची तयारी करणाऱ्या अनेकांना सौर आणि पवन ऊर्जेवर संशोधन करायचं असतं. गरीब देशांना कमी कार्बनची वीज कशी मिळेल, हा विषय त्यांना मनापासून आवडतो. सुरुवात कुठून करायची, तिथे मात्र गाडी अडते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. विजेचं मूलभूत शिक्षण झालंय आणि पायथन थोडंफार येतं, इतकं गृहीत धरलं आहे. उदाहरण म्हणून केनिया घेतला आहे. तिथली सर्वोच्च मागणी दोन-अडीच हजार मेगावॉटच्या घरात, म्हणजे गुजरातच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी आहे. एका माणसाला घरच्या संगणकावर झेपेल एवढाच हा ग्रिड आहे.

लागणारं साहित्य

- 16 जीबी रॅमचा लॅपटॉप. 8 जीबीवर छोटं मॉडेल चालतं, पण वर्षभराचे तास घेतले की अडकतं.
- पायथन आणि त्यात पायपीएसए हे ग्रिडचं मॉडेल बनवणारं मोफत पॅकेज. गणित सोडवायला हाय्स हा सॉल्व्हर, तोही मोफत.
- नकाशांसाठी क्यूजीआयएस.
- ऊन-वाऱ्यासाठी ईआरए-5 किंवा रिन्यूएबल्स निंजाचे ताशी आकडे, पडताळणीसाठी ग्लोबल सोलर अ‍ॅटलस आणि ग्लोबल विंड अ‍ॅटलस.
- केनियाच्या ऊर्जा नियामकाचे सांख्यिकी अहवाल, केनिया पॉवरचे वार्षिक अहवाल आणि सरकारची किमान खर्चाची वीज विकास योजना. हे सगळं इंग्रजीत आहे आणि फुकट मिळतं.
- एक नोंदवही. कुठला आकडा कुठून, कोणत्या तारखेला घेतला, ते तिच्यात लिहायचं. ही सवय पहिल्या दिवसापासूनच लावा. नंतर आठवून लिहू म्हटलं तर ते जमत नाही.

1. प्रश्न एवढा लहान करा की त्याचं उत्तर आकड्यात येईल

'केनियात सौरऊर्जेचं भवितव्य' हा निबंधाचा विषय झाला. 'केनियात आणखी 500 मेगावॉट सौर प्रकल्प उभे केले तर संध्याकाळी सात ते दहा या वेळेत जळणारं तेल किती कमी होईल, आणि चार तासांची बॅटरी जोडली तर त्यात काय फरक पडेल?' हा अभ्यासाचा प्रश्न आहे. देश, वर्ष, तास आणि मोजायची राशी, या चारही गोष्टी प्रश्नातच आल्या पाहिजेत.

प्रश्न ठरवण्याआधी त्या देशात आज वीज कशातून बनते ते बघा. केनियात विजेचा मोठा वाटा ओल्कारियाच्या भूऔष्णिक केंद्रांतून, ताना नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून आणि पवनचक्क्यांतून येतो. कोळसा नाही. तेलावरची केंद्रं मुख्यतः संध्याकाळच्या मागणीला लागतात. म्हणून तिथे दुपारी आणखी सौर वीज ओतली तर ती बऱ्याचदा भूऔष्णिक किंवा जलविद्युत विजेचीच जागा घेते. नवख्यांच्या अहवालांत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. भारताच्या ग्रिडचा सरासरी उत्सर्जन गुणांक, म्हणजे युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, उचलून केनियाच्या सौर युनिटांना लावला जातो आणि भलामोठा कार्बन 'वाचतो'. त्या तासाला खरोखर कोणतं केंद्र मागे सरलं, हे मॉडेलकडूनच काढून घ्या.

2. आधी गुजरातवर हात बसवा

पहिले दोन-तीन आठवडे इथल्याच ग्रिडवर घालवा. गुजरातचं राज्य भार प्रेषण केंद्र, ज्याला सगळे एसएलडीसी म्हणतात, गोत्रीला आहे. जेटको या राज्याच्या पारेषण कंपनीचं मुख्य कार्यालयही बडोद्यातच आहे. एसएलडीसीच्या संकेतस्थळावर मागणी आणि निर्मितीचे चालू आकडे दिसतात. काही दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ते उतरवून आलेख काढा. पावसाळ्यात वारा चढतो, ऊन घटतं आणि शेतीची मागणी पावसाच्या लयीनं खालीवर होते. हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की परक्या देशाचा आलेख वाचताना बिचकायला होत नाही.

प्रत्यक्ष केंद्र पाहायचं असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि विचारायच्या प्रश्नांची एक पानी यादी सोबत ठेवा. 'ग्रिडची माहिती हवी आहे' एवढंच लिहिलेली पत्रं तशीच पडून राहतात. उपकेंद्रांचे सविस्तर सिंगल लाइन डायग्राम मागू नका. ते सुरक्षेच्या दृष्टीनं नाजूक असतात आणि तुमच्या प्रश्नाला लागतही नाहीत. कोणी विश्वासानं दाखवले तरी फोटो काढायचे नाहीत आणि पुढे पाठवायचे नाहीत.

3. तारांचा नकाशा

ओपनस्ट्रीटमॅपवर उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्रं नोंदवलेली असतात. पायपीएसए-अर्थ हे साधन ती आपोआप उतरवून मॉडेल बनवतं. तरीही पहिल्या वेळी हातानं करा. केनियासाठी पाच विभाग पुरतात: नैरोबी, मोम्बासाचा किनारा, किसुमुकडचा पश्चिम भाग, माउंट केनियाचा परिसर आणि ओल्कारियाची खोरं. देशाची जवळपास निम्मी मागणी एकट्या नैरोबी विभागात आहे. लोइयांगालानी सहावं टोक म्हणून वेगळं ठेवा, कारण लेक तुर्कानाचा पवन प्रकल्प तिथे आहे.

त्या प्रकल्पाची हकिकत पाठ असायला हवी. 310 मेगावॉट, 365 पवनचक्क्या. त्या 2017 मध्ये उभ्या होत्या, पण नैरोबीजवळच्या सुस्वा उपकेंद्रापर्यंतची सुमारे 430 किलोमीटरची 400 केव्ही वाहिनी तयार नव्हती. ती सप्टेंबर 2018 मध्ये जोडली गेली. तोपर्यंत चक्क्या बिनकामाच्या होत्या आणि सरकारला भरपाई मोजावी लागली. तुमच्या मॉडेलमध्ये नव्या प्रकल्पाची किंमत धरली आणि त्याच्या वाहिनीची किंमत व मुदत सोडली, तर मॉडेल दूरच्या कोपऱ्यातली स्वस्त वीज खुशाल निवडून मोकळं होईल.

वाहिनीचे आकडे टाकताना हे सांभाळा:

- ओपनस्ट्रीटमॅपमध्ये व्होल्टेज व्होल्टमध्ये असतं, पायपीएसएत केव्हीमध्ये. 220000 तसंच राहिलं की पुढचं सगळं चुकतं.
- एका मनोऱ्यावर दोन सर्किट असतात, नकाशावर मात्र रेघ एकच दिसते. सर्किटांची संख्या वेगळी तपासा.
- बसचं, म्हणजे मॉडेलमधल्या जोडबिंदूचं, व्होल्टेज लिहायचं राहिलं तर पायपीएसए ते 1 केव्ही धरतं आणि चूक झाली असं सांगतही नाही. 100 किलोमीटरची 220 केव्ही वाहिनी घ्या. रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला सुमारे 0.4 ओहम, म्हणजे एकूण 40 ओहम. पायपीएसएच्या 1 एमव्हीएच्या बेसवर 220 केव्हीचा बेस इम्पिडन्स 48,400 ओहम, म्हणून उत्तर 0.00083 पर युनिट यायला हवं. एक वाहिनी अशी हातानं तपासाच.
- पायपीएसएत वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स ओहममध्ये द्यायचा असतो आणि ट्रान्सफॉर्मरचा पर युनिटमध्ये. दोन्हींची सरमिसळ फार सहज होते.
- लांब वाहिनीची क्षमता तारेच्या तापमानावरून धरू नका. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या पुढे व्होल्टेज आणि स्थैर्य यांचं बंधन आधी येतं. 220 केव्हीच्या एका सर्किटचं नैसर्गिक भारण सुमारे 130 मेगावॉट आणि 400 केव्हीचं सुमारे 500 मेगावॉट. तुर्कानासारख्या चारशे किलोमीटरच्या वाहिनीसाठी याच आकड्याच्या आसपास राहा.

4. मागणीचा आलेख

वर्षाचे 8,760 तास, लीप वर्षात 8,784. ताशी आकडे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर एका नमुना दिवसाचा आकार घ्या आणि वर्षाच्या एकूण युनिटांवरून तो ताणा. वर्ष म्हणजे कोणतं वर्ष, हे इथे नीट पाहा. केनिया पॉवरचं आर्थिक वर्ष जुलै ते जून असतं, आपलं एप्रिल ते मार्च, आणि हवामानाचे आकडे जानेवारी ते डिसेंबर. तिन्ही एकत्र मिसळून केलेले अहवाल दिसायला अगदी व्यवस्थित दिसतात.

एककांचा गोंधळही इथलाच. भारतातले आकडे पंधरा मिनिटांच्या 96 ब्लॉकमध्ये येतात. ब्लॉकचा मेगावॉट आकडा चारनं भागला की त्या ब्लॉकचे मेगावॉट-तास मिळतात. एक एमयू म्हणजे दहा लाख युनिट, म्हणजेच 1,000 मेगावॉट-तास.

नोंदलेली मागणी म्हणजे लोकांना हवी असलेली वीज, असं मात्र समजू नका. जिथे वीज तोडली जाते तिथे आलेखावर मागणी कमी दिसते. गुजरातेत ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर वेगळे केले गेले आणि शेतीला ठराविक तास थ्री-फेज वीज मिळू लागली. म्हणून इथला शेतीचा आलेख वेळापत्रकाचा आलेख आहे. शेतकऱ्याला पाणी कधी द्यायचं होतं ते त्यात दिसत नाही. केनियात अजून न जोडलेली घरं आहेत आणि कमकुवत वाहिन्यांच्या टोकाला बसणारी माणसं आहेत. ती जोडली गेली की संध्याकाळचा उंचवटा आणखी चढेल. विकासासाठी अभ्यास करत असाल तर आजच्या मागणीसोबत 'सगळ्यांना जोडलं तर' ही दुसरी मागणीही चालवा. ती टाळली तर कागदावर कार्बन कमी दिसतो, पण त्याचं कारण एवढंच असतं की गरीब घर अंधारात ठेवलेलं आहे.

5. ऊन आणि वारा: घड्याळ आधी, आकडे नंतर

ईआरए-5 चे आकडे जागतिक वेळेत, यूटीसीत असतात. भारत साडेपाच तास पुढे आणि केनिया तीन तास पुढे. मागणी स्थानिक वेळेत आणि ऊन यूटीसीत ठेवून मॉडेल चालवलं तर केनियाचा सूर्य तीन तास आधी मावळतो आणि बॅटरीची गरज फुगते. अशी चूक एरर म्हणून दिसत नाही, म्हणून ती स्वतः शोधावी लागते.

पडताळणी सोपी आहे. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरा. बडोद्याचा रेखांश सुमारे 73.2, म्हणून सरासरी माध्यान्ह भारतीय वेळेनं 12 वाजून 37 मिनिटांनी, म्हणजे यूटीसीत 7 वाजून 7 मिनिटांनी. नैरोबीचा रेखांश सुमारे 36.8, तिथली माध्यान्ह स्थानिक 12:33 ला, यूटीसीत 9:33 ला. ऋतूनुसार पाव तास इकडेतिकडे होतो. तुमच्या सौर आलेखाचं वर्षाचं सरासरी शिखर या वेळेच्या जवळ नसेल तर पुढे जाऊ नका. आणखी एक बारकावा असा की ईआरए-5 मध्ये सूर्यप्रकाश मागच्या तासाची बेरीज म्हणून, ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये दिलेला असतो. 3,600 नं भागा म्हणजे वॉट मिळतील, आणि तो आकडा तासाच्या मध्याचा माना. अर्ध्या तासाची सरक इथून येते.

वाऱ्याचं दुखणं वेगळं. ईआरए-5 चा एक चौकोन पाव अंशाचा, विषुववृत्ताजवळ सुमारे 28 किलोमीटरचा. तुर्कानाचा वारा दोन उंच प्रदेशांमधल्या घळीतून येतो आणि एवढ्या मोठ्या चौकोनात घळ पुसली जाते, म्हणून वारा खऱ्यापेक्षा मंद दिसतो. ग्लोबल विंड अ‍ॅटलसवर त्याच जागेची सरासरी बघून ताशी मालिका त्या प्रमाणात वर उचला, आणि असं केल्याचं अहवालात लिहा.

एकाच वर्षाचं हवामान घेऊन निष्कर्ष काढू नका. किमान एक ओलं आणि एक कोरडं वर्ष चालवा. ताना नदीचं पाणी घटलं की संपूर्ण देशाचं गणित बदलतं.

6. व्याजदर

तांत्रिक माणसं हा भाग घाईत उरकतात. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच होतो, म्हणून विजेचा दर पॅनेलच्या किमतीइतकाच कर्जाच्या व्याजावर ठरतो. हिशेबासाठी मेगावॉटला 4 कोटी रुपये, आयुष्य 25 वर्षं आणि क्षमता वापर 20 टक्के धरा. वर्षाला 17.52 लाख युनिट निघतात.

- व्याज 5 टक्के: वार्षिक हप्ता 28.4 लाख, युनिटला 1.62 रुपये.
- व्याज 10 टक्के: हप्ता 44.1 लाख, युनिटला 2.52 रुपये.
- व्याज 15 टक्के: हप्ता 61.9 लाख, युनिटला 3.53 रुपये.

ऊन तेच, पॅनेल तेच, तरीही दर दुपटीहून जास्त झाला. आफ्रिकेतल्या अनेक देशांना युरोपपेक्षा महाग भांडवल मिळतं. युरोपातल्या अभ्यासांत नेहमी दिसणारा 5 ते 7 टक्क्यांचा दर जसाच्या तसा उचलला तर केनियासाठी आलेलं उत्तर केनियाचं राहत नाही. तिन्ही दरांनी मॉडेल चालवा आणि तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा. देखभालीचा वार्षिक खर्च यावर वेगळा.

7. मॉडेल चालवणं

आधी तारांची सगळी बंधनं काढून, देश एकाच बसवर ठेवून चालवा. एकूण निर्मिती आणि एकूण मागणी जुळली की मग वाहिन्या जोडा. दोन्ही निकालांतला फरक म्हणजे तारांमुळे पडणारी किंमत, आणि बऱ्याचदा अहवालातला सर्वांत उपयोगी आकडा तोच ठरतो.

'इन्फीझिबल', म्हणजे सगळ्या अटी पाळून उत्तर निघत नाही, असा निरोप आला की घाबरू नका. प्रत्येक बसवर फार महागडा काल्पनिक जनरेटर ठेवा. तो ज्या तासाला आणि ज्या जागी चालतो, तिथे वीज अपुरी पडते आहे. कारण लगेच सापडतं.

बॅटरीचं एक ठरलेलं चुकीचं गणित सांगून ठेवतो. येण्या-जाण्याची मिळून कार्यक्षमता 85 टक्के असेल तर भरताना 0.92 आणि काढताना 0.92 लिहायचं. दोन्हीकडे 0.85 लिहिलं तर एकूण 0.72 होते आणि बॅटरी उगाच बदनाम होते.

वेळ वाचवायला दर तीन तासांनी एक आकडा घेतलात तर प्रत्येक आकड्याचं वजन 3 करा. एकाच आठवड्याचं मॉडेल चालवताना वर्षाचा भांडवली हप्ताही त्या प्रमाणात कमी करा. नाहीतर मॉडेल पूर्ण वर्षाचा हप्ता आणि आठवड्याचं इंधन यांची तुलना करतं, आणि एकही नवा प्रकल्प उभा करत नाही.

8. ताशी मॉडेलला काय दिसत नाही

ताशी मॉडेल सरासरी बघतं, ग्रिड मात्र सेकंदांत कोसळतो. 30 जुलै 2012 ला उत्तर भारत अंधारात गेला तो 400 केव्ही बिना–ग्वाल्हेर वाहिनी सुटल्यानंतर, म्हणजे ट्रिप झाल्यानंतर. त्या भागातल्या बऱ्याच वाहिन्या आधीच बंद होत्या आणि उरलेल्या वाहिनीवर भार चढला होता. दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग गेले. म्हणून तुमच्या निकालातल्या सर्वांत भारलेल्या दोन-तीन वाहिन्या एकेक करून काढा आणि बाकीच्या किती टक्के भरतात ते बघा.

9 फेब्रुवारी 2025 ला, रविवारी, श्रीलंकेत पानदुरा उपकेंद्रात माकड शिरलं आणि सगळा देश अंधारात गेला. सुट्टीची कमी मागणी आणि सौर विजेचा मोठा वाटा यामुळे अचानक बसलेला धक्का पेलणारं फिरत्या जनरेटरांचं जडत्व कमी होतं. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये व्होल्टेज वाढत गेल्यानं तसंच झालं. लहान ग्रिडसाठी सौर वाटा सुचवताना सर्वांत कमी मागणीच्या रविवारची दुपार वेगळी तपासा. त्या तासाला फिरणारी यंत्रं किती उरतात, त्यातलं सर्वांत मोठं यंत्र सुटलं तर जागेवर किती राखीव आहे, हे एका तक्त्यात द्या. केनियाला इथिओपियाकडून 500 केव्ही डीसी वाहिनीनं वीज येते. ती सुटणं हाही असाच एक प्रसंग धरा. पुढचा गतिक, म्हणजे सेकंदांतल्या हालचालींचा अभ्यास तुमच्या आवाक्याबाहेर असेल तर तसं स्वच्छ लिहा.

9. निकाल छापण्याआधी त्या देशात दाखवा

पायथनची आवृत्ती, पॅकेजांची यादी, सगळ्या सीएसव्ही फाइली आणि वाचा-फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपचे आकडे वापरल्याचा उल्लेख त्यांच्या परवान्यानुसार करावाच लागतो. ईआरए-5 चंही तसंच.

मग केनियातल्या एखाद्या विद्यापीठातल्या किंवा पारेषण क्षेत्रातल्या अभियंत्याला पत्र लिहा. पत्र मोठं नको. एका आठवड्याचा निर्मितीचा आलेख, वाहिन्यांच्या भाराचा नकाशा आणि तीन प्रश्न: हे केंद्र संध्याकाळी खरंच एवढं चालतं का, ही वाहिनी आज पूर्ण क्षमतेनं वापरता येते का, आणि कोणत्या भागात वीज तोडली जाते जी आम्हाला दिसत नाही. मिळालेली दुरुस्ती तारखेसह नोंदवहीत लिहा आणि मॉडेल पुन्हा चालवा. मदत करणाऱ्याचं काम मोठं असेल तर त्यांना सहलेखक होण्याबद्दल विचारा. हे शेवटी नको, मसुदा सुरू होतानाच विचारा.